उंबऱ्याच्या आतले बूट

जपानला आल्यावर मला शिकावी लागली नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चपला दाराशी काढणं. बाकी सगळं नव्याने शिकावं लागलं. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, गाडीत फोनवर बोलायचं नाही, कुणी खाऊ दिला की आधी नको नको म्हणायचं आणि मग घ्यायचा. चपलांच्या बाबतीत मात्र मी तयार होऊनच आले होते. सांगलीच्या आमच्या घरी कुणी चप्पल घालून उंबरा ओलांडला की आधी आईचा आवाज यायचा आणि मागून आई. गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसालाही तिने कधी सवलत दिली नाही. तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल उडवायचा. मी तर शाळेतून आले की चपला भिरकावून जी अनवाणी व्हायचे ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. अंगण, गच्ची, समोरच्यांचं घर, सगळीकडे अनवाणी.

त्यामुळे तोक्योला पीएच.डी.साठी आले आणि इथल्या घरांची दारं पाहिली तेव्हा मला माहेरी आल्यासारखंच वाटलं. दार उघडलं की आत छोटीशी फरशी असते. तिला गेनकान म्हणतात. तिथे बूट काढायचे आणि एक पायरी चढून लाकडी जमिनीवर यायचं. त्या पायरीवर बूट घेऊन चढणारा माणूस या देशात मी पाहिला नव्हता. पुढे मी एका जपानी माणसाशी लग्न केलं तेव्हा आईला मी फोनवर आधी हेच सांगितलं. ती म्हणाली, "चला, निदान तेवढं तरी वळण आहे."

सासर तोहोकूच्या किनाऱ्यावर होतं, समुद्राला लागून. सासरे समुद्रात कालवांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उत्साहाने सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांना वाटलं त्यांच्या पायाला काहीतरी चिकटलंय. ते खाली बघत मागे सरकले, मी पुढे सरकले, ते आणखी मागे गेले आणि त्यांची टाच मागच्या कागदी दारातून आरपार गेली. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. ते भोक त्यांनी पुढे फुलाच्या आकाराचा कागद चिकटवून बुजवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची गोष्ट सांगत राहिल्या.

सासूबाई बुटांच्या बाबतीत माझ्या आईच्याही वरताण होत्या. बूट काढणं एवढ्यावर त्यांचं भागत नसे. काढलेले बूट वळवून, टाचा घराकडे आणि टोकं बाहेर अशी त्यांची जोडी लावायची. पाहुणे आत जाऊन बसले की त्या हळूच परत यायच्या आणि गुडघे टेकून सगळ्यांचे बूट वळवायच्या. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाल्या, "जाताना पाय सरळ आत घालता आला पाहिजे ना! पळायची वेळ आली तर?" आणि हसल्या. मी त्या वेळी नुसतीच हसले होते.

एकदा मी गावातल्या दुकानातून नवे बूट आणले आणि बरोबर बसतात का बघायला आत चटईवरच पायात घातले. सासूबाई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. घरात पायताण चढवून तिथूनच बाहेर पडतं ते फक्त मेलेलं माणूस, असं त्यांनी सांगितलं. माझे बूट त्यांनी स्वतःच्या हाताने काढले आणि तळव्यांवर थोडी काजळी फासली, म्हणजे ते जुने झाले. माझी आई तिथे असती तर तिनेही हेच केलं असतं, फक्त जोडीला मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. मी घरात मोज्यांशिवाय हिंडते याचाही त्यांना घोर होता. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून लोकरीचे जाड मोजे यायचे, आणि मी ते कपाटात ठेवून अनवाणीच फिरायचे.

मग २०११चा तो मार्च आला.

भूकंपात आमचं काही गेलं नाही. तोक्योला चार कप फुटले, गाड्या बंद पडल्या, नवरा कावासाकीहून चालत घरी आला. तिकडे समुद्र गावात शिरला. सासरे डोंगरावरच्या शाळेत सापडले. सासूबाई बऱ्याच दिवसांनी सापडल्या. ओळख पटवायला सासरे एकटेच गेले आणि त्यांनी आम्हाला बघू दिलं नाही.

रस्ते सुरू झाल्यावर आम्ही दोघं गेलो. घराच्या जागी नुसता काँक्रीटचा चौथरा उरला होता. गेनकानच्या निळ्या फरश्या मात्र तशाच होत्या, आणि पुढे ती एक पायरी. नवरा त्या फरश्यांपाशी आला आणि थांबला. मग सवयीने खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. समोर घर नाही, भिंत नाही, वर आभाळ, आणि हा नाडी सोडतोय. मला रडू आवरेना. सासरे आमच्या मागून आले, गमबूट घातलेले, आणि न थांबता पायरी चढून जिथे त्यांची बैठकीची खोली होती तिथे जाऊन उभे राहिले. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. चिखल होता, काचा होत्या, कोण बूट काढेल?

पुढे ते तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत राहिले. आमच्याकडे चला म्हटलं की शेजाऱ्यांना सोडवत नाही म्हणायचे. मग एकेक शेजारी कुठे कुठे निघून गेला आणि एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. नवऱ्याने या वेळी विचारलंच नाही, सरळ घेऊन आला. तेव्हा आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात राहत होतो, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मी जवळच्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि आमची लेक चार वर्षांची होती.

सासरे दारात आले. पायात पांढरे कापडी बूट होते, रबरी तळव्यांचे, शाळेतली मुलं घालतात तसे. गेनकानमध्ये पायरीवर बसले. मी त्यांची बॅग घेऊन उभी. आता बूट काढतील, मग चहा टाकू, असं माझ्या मनात चाललं होतं. त्यांनी खिशातून ओलं फडकं काढलं, एकेक पाय उचलून तळवा पुसला, कडा पुसल्या, बोटाने खाचेतला खडा काढला, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि बूट घालूनच घरात आले. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीकडे बघत होता.

आत येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नदी कुठल्या बाजूला आहे?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं थकलेत, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी म्हटलं आजारातून उठलेत, पाय गार पडत असतील. तिसऱ्या दिवशी कळलं की ते झोपतानाही बूट घालतात. गादीवर पायाखाली वर्तमानपत्र पसरायचे, म्हणजे माझी चादर मळू नये. त्यांना सगळं कळत होतं, ही खरी पंचाईत होती. विसराळूपणा असता तर समजावलं असतं, हट्ट असता तर भांडले असते. ते तर रोज माफी मागायचे. मी केर काढायला लागले की बसल्या जागी दोन्ही बूट वर उचलून धरायचे आणि म्हणायचे, "त्रास देतोय तुला."

लेकीला मात्र काहीच प्रश्न पडला नाही. तिच्या बालवाडीत वर्गात घालायचे बूट वेगळे असतात, पांढरेच. मी तिला मराठीत विचारलं, आजोबा घरात बूट का घालतात गं? तिने जपानीत उत्तर दिलं, "ते आतले बूट आहेत," आणि खेळायला गेली.

आईला मी सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर एकदा माझ्या मागून सासरे चालत गेले.

"अगं ए, मागून कोण गेलं बूट घालून?"

"सासरे."

"घरात?"

"हं."

"आणि देव कुठे आहेत?"

"मागेच आहेत, फळीवर."

"मग देव दुसऱ्या खोलीत ने."

"दुसऱ्या खोलीत ते झोपतात, आई."

आई म्हणाली, "पायधूळ झाडायला या म्हणतो आपण लोकांना, पण म्हणून कोणी इतकं मनावर घेतं का गं?" मला हसूही आलं आणि रागही. तिचं चुकत नव्हतं. ते बूट देवापुढून गेले की मीही मनातल्या मनात देवांची माफी मागायचे. सासूबाईंचं वाक्य आठवायचं, घरात पायताण घालणाऱ्या माणसाचं. मी ते झटकून टाकायचे.

त्यात आणखी एक प्रकार सुरू झाला. जेवणं झाली की सासरे गेनकानमधून आमचे सगळ्यांचे बूट आणायचे, त्यांचे तळवे पुसायचे आणि प्रत्येकाच्या अंथरुणाशेजारी ठेवायचे, टोकं दाराकडे करून. माझे, नवऱ्याचे आणि लेकीचे ते टीचभर गुलाबी. भूकंप झाला तर काचा पायात जाऊ नयेत म्हणून उशाशी बूट ठेवा असं सरकारी पत्रकातही सांगायचे, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नव्हती. पण उशाशी चपला घेऊन झोपायचं माझ्या जिवावर यायचं. सकाळी उठले की मी ते सगळे उचलून परत दाराशी ठेवायची. ते आणायचे, मी नेऊन ठेवायची. आणि मी घरात अनवाणी फिरत असले की त्यांची नजर माझ्या पावलांवर असायची, तापलेल्या तव्याजवळ पोर गेलं की आपली असते तशी.

पायांची दैना व्हायला लागली ती उन्हाळ्यात. अंघोळीला जाताना ते बूट न्हाणीघराच्या दाराशीच काढायचे आणि बाहेर आले की ओल्या पायांनीच चढवायचे. पाय कोरडे म्हणून व्हायचेच नाहीत. आधी वास आला, मग बोटांमध्ये चिखल्या झाल्या, मग डाव्या अंगठ्याला जखम. साखरेचा आजार होताच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना कोंडून ठेवलंय. म्हणाले, पायाला हवा लागली पाहिजे. जखम चिघळली तर बोट जाईल, पुढे पाऊलही जाईल. सासऱ्यांनी वाकून "समजलं" म्हटलं. डॉक्टरांच्या समोरच बूट चढवले.

मी काय काय केलं म्हणून सांगू! उघड्या सपाता आणल्या. पुण्याहून कोणी येत होतं त्याच्याबरोबर कोल्हापुरी मागवली. लेकीला सांगून पाहिलं की आजोबांना म्हण पाय दाखवा. सपाता त्यांनी कपाळाला लावल्यासारख्या दोन्ही हातांनी घेतल्या, आभार मानले, खोक्यात ठेवल्या. नवऱ्याशी माझी रोज खडाजंगी व्हायची. "तुझे वडील आहेत, तू बोल." तो म्हणायचा, "बोललोय." "काय म्हणाले?" "हो म्हणाले." शेवटी एका रविवारी ते अंघोळीला गेले असताना त्याने बूट उचलून गच्चीत लपवले. सासरे न्हाणीघराच्या दारात आले, खाली बघितलं, आणि तिथेच उभे राहिले. शोधाशोध केली नाही. कमरेला टॉवेल, अंगावरून पाणी निथळतंय. त्यांना पाऊल बाहेर टाकता येईना. नवऱ्याने धावत जाऊन बूट आणले आणि स्वतः खाली बसून त्यांच्या पायात घातले. त्यानंतर मी हात टेकले. रोज डोळ्यांदेखत त्यांचे पाय सडत होते आणि घरात एक शिकलेली मास्तरीण, एक इंजिनीअर, दोघांच्या हातात काही नव्हतं.

आणि मग तो शनिवार आला. नवरा कामासाठी ओसाकाला गेला होता. शाळेत पालकांची सभा होती. लेकीला जेवू घालून, झोपवून, सासऱ्यांवर सोपवून मी गेले होते. पायात नव्या सँडल होत्या, घोट्याला पट्टा आणि त्याला बारीक बक्कल असलेल्या. परत येताना मी जिन्यात होते तेव्हा पर्समधला फोन भूकंपाच्या इशाऱ्याचा तो भयंकर सूर काढून ओरडायला लागला. पुढच्या क्षणी जिना हलला.

इथे राहून लहान धक्क्यांची सवय होते. हा लहान नव्हता. कठडा धरून मी वर चढले. आमच्या दारापर्यंत पोचले तोवर आतून भांड्यांचं कपाट कोसळल्याचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ लेकीची किंकाळी. दाराला किल्ली लावली, दार उघडलं. आणि काय केलं असेल मी? आत पोरगी ओरडतेय, इमारत हलतेय, आणि मी पायरीवर बसून सँडलचं बक्कल सोडत होते. मी ठरवून केलं नाही. मन केव्हाच पुढे धावलं होतं, हात खाली बकलाशी झटत होते. नवं बक्कल निघेना म्हणून मी त्याला शिव्या घालत होते, तेही आठवतंय.

"ओई!"

मी वर बघितलं. सासरे आतून येत होते, काचांवरून, बुटांखाली करकर आवाज करत. काखेत लेक होती, अनवाणी. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"ओई! काढू नकोस! तशीच ये! काढू नकोस!"

मला ते नावापुढे आदराचं सान लावून हाक मारायचे, नेहमी, अगदी पहिल्या दिवसापासून. ओई अशी हाक ते सासूबाईंना मारायचे. आपल्याकडचे जुने लोक बायकोला अगं म्हणतात ना, तशी. मी बक्कल सोडून दिलं. सँडल घालून पायरी चढले, त्यांच्याजवळ गेले आणि दोघांना धरून भिंतीला टेकून बसले. धक्का ओसरला तरी ते काढू नकोस, काढू नकोस म्हणत होते.

लेक माझ्या मांडीवर आली. आतल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत काचांचा सडा पडला होता. त्यातून ते तिला एक ओरखडा न लागू देता घेऊन आले होते. मग तिथेच भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मार्चमधल्या त्या दुपारी धक्का थांबल्यावर ते आणि सासूबाई रस्त्यावर आले. कर्ण्यावरून वर जा, वर जा अशी ओरड चालू होती. शेजारच्या म्हातारीला चालवत नव्हतं, तिला त्यांनी पाठीवर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा, तुमच्या गोळ्या राहिल्यात, घेऊन येते." त्या घराकडे वळल्या. चढावर जाताना सासऱ्यांनी मागे वळून बघितलं. दार सताड उघडं होतं, आतलं सगळं जमिनीवर येऊन पडलेलं दिसत होतं. आणि सासूबाई पायरीवर बसून बूट काढत होत्या. थंडीचे लांब रबरी बूट, ओढून ओढून काढले. मग गुडघे टेकून ते वळवून ठेवले, टोकं बाहेर करून, आणि आत गेल्या.

"मी हसलो," सासरे म्हणाले. "पाठीवरच्या आजीला म्हटलं, बघा, घर उलटंपालटं झालंय आणि आमची बूट काढतेय. ती पण हसली. मी हाक मारायला हवी होती. हसून मी पुढे गेलो."

मी लेकीची पावलं ओंजळीत धरून बसले होते.

"सापडली तेव्हा पायात काही नव्हतं," ते म्हणाले. "मोजेसुद्धा नाहीत."

रात्रीच्या गाडीने नवरा आला. त्याला मी सांगितलं तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या काचा वेचायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांसमोर बसून, माणूस माणसाला समजावतो तसं, सगळं मांडलं. बूट काढायला कितीसा वेळ लागतो, बाबा? पाणी त्यानंतर बऱ्याच वेळाने आलं. आई गोळ्या शोधत राहिली असेल, कपाट पडलं असेल, काहीही झालं असेल. आणि पाणी कुणाच्याच पायात बूट ठेवत नाही, सगळ्यांचेच ओढून नेतं. मीही मान हलवली, विज्ञान शिकवते म्हणून माझंही मत त्याला हवं होतं. सगळं खरं होतं त्यातलं. सासऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. "हो, बरोबर आहे," म्हणाले. "तू म्हणतोस ते बरोबर आहे." आणि संध्याकाळी फडकं घेऊन आमच्या बुटांचे तळवे पुसायला बसले.

त्या दिवसापासून मी सकाळी उशाशी ठेवलेले बूट परत नेणं बंद केलं. आईला सांगितलं, देवांची माफी माग माझ्या वतीने. तिने कधी नव्हे ते काही विचारलं नाही. पायांचा प्रश्न तसाच होता. मग मी एक दिवस कोमट पाण्याचं घमेलं घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "एकच पाय द्या. दुसऱ्यात बूट राहू दे." त्यांनी विचार केला. मग उजवा बूट काढला. मी तो पाय धुतला, पुसला, बोटांमध्ये मलम लावलं, पंखा लावून वाळू दिला. तो बूट परत चढवल्यावर त्यांनी डावा काढून दिला. रोज असं चाललं. एका वेळी एकच पाय उघडा. पहिल्या भेटीत मागे सरकताना ज्यांची टाच दारातून आरपार गेली होती, ते आता रोज माझ्या हातात पाऊल देऊन टीव्हीवर कुस्ती बघत बसायचे. चिखल्या बऱ्या झाल्या. अंगठ्याची जखम मात्र बरी झाली नाही. डाव्या पायाची दोन बोटं गेलीच. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता.

असे ते आमच्याकडे काही वर्षं राहिले. शेवटी परत न्यूमोनिया झाला. दवाखान्यात पलंगावर बूट चालत नाहीत, नर्सने गोड बोलून ते काढले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. मी तिला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि नियम आहे म्हणाली. सासऱ्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले होते. मी पिशवीतून बूट काढून त्यांना दिसतील असे पलंगाशेजारी ठेवले, टोकं दाराकडे करून. ते त्यांच्याकडे बघत राहायचे. मी त्यांचे पाय पांघरुणावरून धरून बसायची, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यांना घरी आणलं. अंत्यविधीचं बघणारा माणूस आला, काळ्या कपड्यांतला, अतिशय हळू बोलणारा. मी कापडी बूट धुवून, वाळवून तयार ठेवले होते. ते शवपेटीत घालायचे म्हटल्यावर त्याने खाली मान घातली. रबर चालत नाही, दाहिनीचा नियम आहे. मी हुज्जत घातली. नवऱ्याने माझ्या दंडाला हात लावला. त्या माणसाने मग गवताचे जोडे पुढे केले. परलोकाच्या वाटेसाठी इकडे ते घालून पाठवतात. पायात पांढरे मोजे आणि त्यावर गवताचे जोडे, घोट्याला दोऱ्या. घरातल्या कोणी बांधल्या तर चांगलं, असं तो म्हणाला. नवऱ्याला गाठ मारता येईना. म्हणून मी पुढे बसले.

घरात, चटईवर, मी माझ्या सासऱ्यांच्या पायात जोडे घातले. दोऱ्या घोट्याभोवती घेतल्या आणि गच्च गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी गाठ. वाटेत कोणी काढा म्हणालं, कुणी नियम सांगितला, तरी सुटता कामा नये. इथे माझं काही चाललं नव्हतं, निदान गाठ तरी माझ्या हातात होती. दुसऱ्या पायाचीही तशीच मारली आणि उठायला लागले.

आणि मला सासूबाई आठवल्या. त्या तिकडे दारात बसलेल्या असणार, अनवाणी. सासरे जोडे घालून आत येऊ लागले तर त्या काही त्यांना पायरी चढू देणार नाहीत.

मी परत खाली बसले. नखांनी दोन्ही पायांच्या गाठी सोडवल्या आणि एका ओढीत सुटतील अशा सैल बांधल्या.